शितावरून मळ्याची परीक्षा नको: कॉफीच्या बागेत माती, मुळं आणि किडींचा नकाशा कसा काढायचा

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातलं पाणी सगळीकडे सारखंच उकळतं. कॉफीच्या मळ्याचं तसं नाही. चिक्कमगळूर किंवा कोडगूच्या उतारावर दहा एकरांत फिरलात, तर माथ्यावर मुरमाड तांबडी माती, मधे फणसाखाली घोट्याएवढा पाचोळा आणि खाली ओढ्याकाठी पाय रुतेल असा काळपट गाळ, हे सगळं पंधरा मिनिटांत लागतं. तरी आपण पाच-सहा ठिकाणची मूठमूठ माती एका पिशवीत भरतो, तपासायला पाठवतो आणि आलेल्या एका आकड्यावर दहा एकरांचं खत ठरवतो.

मीही तेच केलं होतं. मलनाडातल्या, म्हणजे कर्नाटकातल्या घाटपट्ट्यातल्या, एका मळ्यावर कामाला लागलो, ते माझं पहिलं वर्ष. सामू, म्हणजे मातीचा पीएच (जितका कमी तितकी माती आंबट), ५.६ आला, म्हणून सगळीकडे सारखाच चुना टाकला. पुढच्या वर्षी माथ्याची आणि पायथ्याची माती वेगवेगळी तपासली, तेव्हा कळलं की पायथ्याला चुना नकोच होता आणि माथ्याला टाकलेला पुरला नव्हता. चुना गेला, मजुरी गेली, वर्षही गेलं. तेव्हापासून ‘किती’ विचारण्याआधी मी ‘कुठे’ विचारतो.

या ‘कुठे’मध्ये एक गोम आहे. माती, मुळं आणि किडी एकाच मापाने बदलत नाहीत. मुळं हातभर अंतरात बदलतात. माती पंचवीस-पन्नास पावलांवर बदलते. कीड तर मोसमागणिक ठिकाण हलवते. त्यामुळे तिन्हींना एकच नमुना पद्धत लावली की दोन तरी हुकणारच. खाली जे लिहिलं आहे, ते या एका गोष्टीभोवती फिरतं. उदाहरणं कर्नाटकातली आहेत, कारण देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी तिथे होते. चिखलदऱ्याच्या बागांना हेच चालेल, फक्त तिथला पाऊस आणि सावलीची झाडं वेगळी धरा.

आधी पाय, मग कुदळ

पहिले दोन दिवस काहीही खणायचं नाही. मळ्याचा कच्चा नकाशा घ्यायचा (मोबाइलवरच्या उपग्रह चित्राची प्रत चालते) आणि चालायचं. नकाशावर उताराची दिशा, ओढे, रस्ते, कॉफी वाळवायचं खळं, पल्पिंगची (फळाची साल काढायची) जागा, कॉफीची जात आणि वय, सावलीची मोठी झाडं आणि मुख्य म्हणजे सावलीतली भगदाडं टिपायची. वादळात सावलीचा सिल्व्हर ओक पडला आणि तिथे आता दुपारी थेट ऊन येतं, अशा जागा पुढे फार बोलतात.

जुन्या माणसांना विचारा. इथे देखरेख करणाऱ्याला ‘रायटर’ म्हणतात. मळ्यात वीस-वीस वर्षं काढलेले रायटर असतात आणि त्यांच्या डोक्यात नकाशा तयारच असतो. गुरांचा गोठा आधी कुठे होता, मजुरांच्या चाळी कुठे होत्या, खताची पोती कुठे उतरवत, हे त्यांना ठाऊक असतं. शेणखतातलं स्फुरद (फॉस्फरस) जमिनीत जवळजवळ हलत नाही. गोठा मोडून पंचवीस वर्षं झाली तरी ती जागा तपासणीत उठून दिसते. हे न विचारता नमुना तिथलाच घेतला, तर त्या एका जागेने अख्ख्या ब्लॉकची सरासरी वर जाते.

जाळं टाकताना

समजा चार हेक्टरचा ब्लॉक आहे. २५ मीटरच्या चौकटीने गेलात तर ६४ बिंदू होतात. एवढ्यावर थांबू नका. यातल्या दहा-बारा बिंदूंजवळ आणखी एकेक बिंदू घ्या, काही २ मीटरवर, काही ५ वर, काही १० वर. या जवळच्या जोड्या फालतू वाटतात आणि पैसे वाचवताना पहिली कात्री त्यांनाच लागते. पण माती किती थोड्या अंतरात बदलते, हे फक्त त्याच सांगतात. बाकीचं जाळं २५ मीटरच्या आत काय चाललंय याबद्दल मुकं असतं.

दाट सावलीखाली मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. उघड्यावर तो तीन-पाच मीटर चुकतो, झाडीत त्याहून जास्त. त्यापेक्षा ओळ आणि झाड मोजा. अरेबिका जातीची कॉफी ६ बाय ६ फुटांवर असेल, तर चौदा झाडं म्हणजे साधारण २५ मीटर. ‘ओळ १२, झाड २८’ हा पत्ता पुढच्या वर्षीही सापडतो. उतारावर दोरीने मोजत असाल तर दोरी आडवी, पाण्याच्या पातळीत धरा. ३० अंशांच्या उतारावर जमिनीलगत मोजलेले २५ मीटर नकाशावर जेमतेम साडेएकवीस भरतात.

दोन-तीन एकरांचा शेतकरी एवढे नमुने तपासून घेणार नाही, आणि घेऊही नयेत. त्याने पहिल्या दोन दिवसांच्या फेरीवरून मळ्याचे तीन-चार तुकडे पाडावेत: माथा, उतार, पायथा, आणि एखादी जागा वेगळीच असेल तर ती. प्रत्येक तुकड्यातून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून एक नमुना. चार पिशव्यांत सगळ्यात महत्त्वाचा फरक हाती लागतो. पुढचं आकडेमोडीचं प्रकरण वाचलं नाही तरी त्याचं अडत नाही.

माती घेताना

एका बिंदूवर माती कुठून घ्यायची हा बारीकसा मुद्दा आहे आणि निम्म्या चुका इथेच होतात. कॉफीला खत झाडाभोवती गोल टाकतात. वर्षानुवर्षं अमोनियमयुक्त खत पडलेल्या त्या कड्यात सामू खाली गेलेला असतो आणि स्फुरद-पालाश वर. दोन ओळींच्या मधोमध चित्र वेगळं. एका बिंदूवर कड्यातली माती घेतली आणि दुसऱ्यावर ओळींमधली, तर नकाशात दिसणारा फरक मळ्याचा नसून तुमच्या कुदळीचा असेल. म्हणून एक जागा ठरवा, उदाहरणार्थ खोडापासून ४५ सेंटिमीटर, उताराच्या वरच्या अंगाला, आणि सगळीकडे तीच पाळा.

पाचोळा हाताने बाजूला सारा, मातीचा थर खरवडू नका. इंग्रजी व्ही अक्षरासारखा २२-२३ सेंटिमीटर खोल खड्डा घ्या आणि त्याच्या एका कडेची बोटभर जाड चकती वरपासून खालपर्यंत सारखी कापा. गिरमिट असेल तर काम झपाट्याने होतं. झाडाभोवती एका मीटरच्या आत असे तीन-चार काप प्लॅस्टिकच्या घमेल्यात मिसळा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, पुन्हा मिसळा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं वापरू नका, नाहीतर जस्त घमेल्याचं मोजलं जाईल. माती सावलीत वाळवा. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई ओलीने पसरते.

खत किंवा चुना टाकून दोन-तीन महिने तरी गेलेले असावेत. सगळे नमुने एकाच आठवड्यात घ्या. मधे एक सर येऊन गेली तर आधीची आणि नंतरची माती एका नकाशात बसवायची कशी? बाळेहोन्नूरची केंद्रीय कॉफी संशोधन संस्था १९२५ पासून आहे. कॉफी बोर्डाच्या अशा केंद्रांत माती तपासून मिळते. एवढ्या पिशव्या एकदम नेणार असाल तर आधी बोलून ठेवा.

तपासायचं काय? सामू, सेंद्रिय कर्ब, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम. पैसे कमी असतील तर सामू आणि सेंद्रिय कर्ब सगळ्या बिंदूंवर आणि बाकी तिसऱ्या हिश्श्यावर. कॉफीला सामू ६ ते ६.५ मानवतो. मुसळधार पावसाच्या या पट्ट्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन जातं, म्हणून माथे आंबट होत जातात.

मुळांकडे कोणी बघत नाही

हे काम चिकट आहे, म्हणूनच टाळलं जातं. अरेबिकाचं सोटमूळ आखूड, बहुधा दीड फुटाच्या आत संपणारं. अन्न घेणारी बारीक मुळं मुख्यतः वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये. एवढं सगळे सांगतात. पण तुमच्या मळ्यात ती खोडाच्या कुठल्या अंगाला आणि किती लांब आहेत, हे खणल्याशिवाय कळत नाही. क्रेडल पिट म्हणजे उताराला आडवे खणलेले छोटे चर जिथे आहेत, तिथे कुजलेल्या पाचोळ्यात मुळांचं जाळं चरात शिरलेलं सापडतं आणि खत मात्र आपण दुसऱ्या अंगाला टाकत असतो.

सहा झाडं निवडा, सगळी एकसारखी नकोत: दोन माथ्यावरची, दोन पायथ्याची, एक सिल्व्हर ओकला खेटून, एक उघड्या भगदाडातलं. प्रत्येक झाडाला चढाच्या आणि उताराच्या अंगाला, खोडापासून ३०, ६०, ९० आणि १२० सेंटिमीटरवर नळी ठोकायची. खोली ०-१०, १०-२०, २०-३०. म्हणजे एका झाडाला २४ नमुने. दोन माणसांचा दिवस दोन झाडांत जातो.

७ सेंटिमीटर व्यासाची, १० सेंटिमीटर लांब नळी घेतलीत तर तिच्यात ३८५ घन सेंटिमीटर माती मावते. ती बादलीत भिजत घाला, ढवळा, वरचं पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर ओता. पाच-सहा वेळा केलं की चाळणीत मुळं आणि कचरा उरतो. पांढऱ्या ताटात पाणी घेऊन चिमट्याने निवडा. जिवंत मूळ फिकट असतं आणि वाकवलं तर लवचीक लागतं. मेलेलं काळं पडलेलं असतं आणि तुटतं. मिऱ्याच्या वेलाची आणि सिल्व्हर ओकची मुळंही त्यात येतात. ओकची मुळं ठिकठिकाणी दात घासायच्या ब्रशसारखे दाट झुबके धरतात, त्यावरून ओळखतात. पहिल्याच दिवशी कॉफी, मिरी, ओक अशा प्रत्येक जातीच्या बुंध्यापासून माग काढत खात्रीचं मूळ आणा आणि बाटलीत पाणी घालून समोर ठेवा. बाटलीशिवाय निवडायला बसलेला माणूस तिसऱ्या ताटापासून अंदाजाने निवडायला लागतो.

लांबी मोजायला यंत्र लागत नाही. तळाला १ सेंटिमीटरच्या चौकटीचा कागद चिकटवलेल्या पारदर्शक ताटात मुळं पसरा आणि उभ्या-आडव्या रेषांना ती किती ठिकाणी छेदतात ते मोजा. छेदांना ०.७८६ ने गुणलं की लांबी सेंटिमीटरमध्ये. समजा ४९० छेद मिळाले, लांबी ३८५ सेंटिमीटर, माती ३८५ घन सेंटिमीटर, म्हणजे दर घन सेंटिमीटरला १ सेंटिमीटर मूळ. असे आकडे अंतरानुसार मांडले की खताचं कडं कुठे असावं याचा वाद मिटतो.

खणताना एक तपासा. अरेबिकाचं रोप हलवलं आणि ते सैल लागलं, मूळ सुटल्यासारखं झुललं, तर सूत्रकृमींचा, म्हणजे मुळं खाणाऱ्या सूक्ष्म जंतांचा, संशय धरा. कॉफीच्या मुळांवर चट्टे पाडणारी प्रॅटिलेंकस कॉफिई ही जात सोटमूळ आणि जाड मुळं खाऊन टाकते. मग वरवर नवी तंतुमुळं फुटतात आणि झाड नुसतं टेकून उभं राहतं. अशा झाडाची पाव किलो माती आणि चिमूटभर तंतुमुळं पिशवीत बांधून सावलीत ठेवा, दोन दिवसांत तपासायला द्या. उन्हात गाडीच्या टपावर राहिलेल्या पिशवीत सूत्रकृमी मरतात आणि अहवाल ‘निरोगी’ येतो.

किडी: प्रत्येकीचा स्वभाव वेगळा

पांढऱ्या खोडकिड्याला नमुना लावू नका, खानेसुमारी करा. हा अरेबिकाचा खरा वैरी. मादी खोडाच्या सालीतल्या भेगांत अंडी घालते आणि तिला उन्हातलं खोड आवडतं. भुंगे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन मोसमांत बाहेर पडतात. म्हणून त्याआधी, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये, प्रत्येक ओळीतून चालत प्रत्येक खोडावरून हात फिरवायचा. सालीखाली वळ्या लागतात, पानं पिवळी पडतात, फांदी सुकते. सापडलेल्या झाडाला फीत बांधा, वहीत ओळ-झाड लिहा आणि मगच उपटून जाळा. आधी जाळलं आणि लिहायचं राहिलं, हे मी स्वतः एकदा केलंय. त्या ब्लॉकचा त्या वर्षीचा नकाशाच नाही.

बेरी बोररचं, म्हणजे फळ पोखरणाऱ्या किडीचं, उलटं. भारतात तो पहिल्यांदा १९९० मध्ये निलगिरीतल्या गुडलूरला सापडला. दीड मिलिमीटरचा काळा भुंगा, फळाच्या बेंबीला टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून आत शिरतो. बियांमध्ये पिल्लं वाढतात, भावंडांचाच संग होतो, नराला उडता येत नाही आणि फळलेल्या माद्या बाहेर पडून बहुधा जवळच्या फळात शिरतात. एका फळातलं कुटुंब शेजारच्या फांदीवर पसरणार, म्हणून हा घोळक्याने सापडतो. खळं, पल्पिंगची जागा, रस्त्याची कड, तोडणीनंतर फळं राहून गेलेल्या ओळी, ही त्याची उगमस्थानं. मातीच्याच बिंदूंवर प्रत्येकी एक झाड घ्या, चार दिशांच्या चार फांद्यांवर मिळून १०० फळं तपासा आणि भोकं असलेली किती ते लिहा. खळ्याभोवती मात्र जाळं दाट करा.

आकडे मांडताना

समजा दोन ब्लॉकमध्ये दहा-दहा झाडं तपासली. पहिल्यात भोकं: २, १, ३, २, २, १, ३, २, २, २. दुसऱ्यात: ०, ०, ०, १, ०, ०, ९, १०, ०, ०. सरासरी दोन्हीकडे २. पण विचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले ९, पहिल्यात ०.४४ आणि दुसऱ्यात १५.८ येतं. विचरणाला सरासरीने भागा: ०.२२ आणि ७.९. एकच्या आसपास असेल तर कीड कशीही विखुरलेली, एकच्या बरीच वर असेल तर घोळक्याने. दुसऱ्या ब्लॉकमध्ये सगळीकडे फवारणं म्हणजे दहातल्या सात निरोगी झाडांवर औषध ओतणं.

मात्र या भागाकाराला पत्ता कळत नाही. ९ आणि १० शेजारी असोत की दोन टोकांना, उत्तर तेच. पत्त्यासाठी व्हेरिओग्राम लागतो, म्हणजे अंतर वाढेल तसा दोन जागांतला फरक किती वाढतो याचा आलेख. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत डॅनी क्रिग यांनी १९५१ च्या सुमारास हा विचार सुरू केला, फ्रान्सच्या जॉर्ज माथेरॉन यांनी १९६० च्या दशकात त्याला गणित दिलं. नावाला घाबरू नका, हाताने करून बघू.

२५ मीटरवर एका रांगेत सहा सामू घ्या: ५.२, ५.४, ५.३, ५.९, ६.१, ६.०. शेजारच्या जोड्यांचे फरक ०.२, ०.१, ०.६, ०.२, ०.१. त्यांचे वर्ग, सरासरी, आणि तिचं निम्मं: ०.०४६. आता एक सोडून एक, म्हणजे ५० मीटरवरच्या जोड्या: ०.११४. ७५ मीटरवर: ०.२४५. अंतर वाढलं तसा वेगळेपणा वाढला. पुढे एका अंतरानंतर तो वाढायचा थांबतो. ती उंची म्हणजे सिल, ते अंतर म्हणजे रेंज. रेंजच्या पलीकडची दोन झाडं मातीच्या दृष्टीने एकमेकांची कोणी नाहीत. आणि अंतर शून्याकडे नेलं तरी उरतो तो फरक म्हणजे नगेट, खाणीतल्या सुट्या सोन्याच्या गोळ्यावरून आलेला शब्द. सहा आकडे फक्त समजण्यापुरते. खऱ्या कामात प्रत्येक अंतराला शक्यतो ३० जोड्या असाव्यात, आणि एकूण बिंदू शंभरेक झाले तर उत्तमच. संगणकावर क्यूजीआयएस आणि आर या दोन्ही मोफत प्रणाली हे करतात.

नगेट हा सिलच्या २५ टक्क्यांच्या आत असेल तर जागेचा प्रभाव जोरदार, ७५ टक्क्यांच्या वर असेल तर क्षीण. क्षीण असताना संगणक तरीही सुंदर रंगीत नकाशा काढून देतो. तो भिंतीवर लावा, त्यावर खत टाकू नका. त्या वेळी एक तर जाळं लहान करायचं किंवा सरळ ब्लॉकची सरासरी वापरायची. सामूची रेंज ६० मीटर आली तर पुढच्या वेळी ३० मीटरवर नमुने पुरतील, म्हणजे खर्च खाली येतो.

नकाशे एकावर एक

सामूचा नकाशा, खोडकिड्याचे ठिपके आणि सावलीतली भगदाडं एकावर एक ठेवली की डोळे चमकतात. इथेच आवरा. भगदाडात ऊन येतं म्हणून खोडकिडा येतो, आणि तिथे पाचोळा कमी पडतो म्हणून सेंद्रिय कर्बही कमी असतो. नकाशात ‘कमी कर्ब तिथे खोडकिडा’ असं दिसेल, पण कर्ब वाढवून किडा जाणार नाही, सावली धरावी लागेल. प्रत्येक अशा जोडीसाठी नकाशा हातात घेऊन त्या जागेवर उभं राहा. पावसाळ्यात असाल तर जळवांसाठी मीठ बरोबर ठेवा, आणि फणस पिकायच्या दिवसांत कोडगूत अंधार पडायच्या आत परता, हत्तीही त्याच वाटेने येतात.

मग कामाची वाटणी करा. चुना सामूच्या पट्ट्यांनुसार, पावसाळा सरल्यावर. खताचं कडं मुळांच्या मोजणीनुसार. खोडकिड्याच्या ठिपक्यांभोवती कामगंध (भुंग्यांना वासाने ओढणारे) सापळे, सुटी साल घासून काढणं आणि सावलीची नवी रोपं. बोररच्या घोळक्यात तोडणी सगळ्यात आधी, फळं गळू नयेत म्हणून खाली चटया अंथरून, आणि शेवटी झाडावरची-जमिनीवरची उरलेली फळं वेचून.

पट्टे फार बारीक पाडू नका. मजूर पाठीवर पोतं घेऊन चढत असतो, त्याला तीन मात्रा लक्षात राहतात, सात नाही. पट्ट्याच्या कडेच्या सावलीच्या झाडांवर रंगाचे पट्टे मारा: पांढरा म्हणजे पूर्ण मात्रा, पिवळा म्हणजे निम्मी, लाल म्हणजे काहीच नको. आणि प्रत्येक पट्ट्यात दोन-तीन ओळी मुद्दाम जुन्या पद्धतीने ठेवा, त्यांची फळं वेगळी तोला. त्या ओळींची नावं रायटरच्या वहीतही लिहून द्या, नाहीतर तोडणीच्या गर्दीत ती फळं बाकीच्यांत मिसळून जातात आणि तुलनेला काहीच उरत नाही.